शंका, संशय, अविश्वास : प्रार्थनेच्या पत्रकात कोणता शब्द कुठे?

(बोलणाऱ्यांची नावे त्यांच्या गावांवरून दिली आहेत.)

वेंगुर्ला : ख्रिस्ती उपवासकाळातल्या प्रार्थनासभांसाठी छोटे पत्रक करायचे आहे. विषय : अडचणीच्या काळात देवावर भरवसा. मसुद्यात शंका, संशय आणि अविश्वास हे शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत. चालेल का? आणि बायबलमधल्या विलापाच्या स्तोत्रांना आपल्याकडचा 'गाऱ्हाणे' हा शब्द लावावा का?

वसई : अदलाबदल अजिबात करू नका. सोबतची क्रियापदे पाहिली की फरक कळतो. शंका येते, विचारता येते, फिटते. तिला उत्तर हवे असते. संशय येतो तो बहुधा कुणाच्या हेतूचा. 'देवाविषयी शंका आहे' म्हणणारा देव आहे का, कसा आहे हे विचारतो. 'देवाचा संशय येतो' म्हणणाऱ्याला देव आपल्याशी नीट वागतोय का, हे खुपत असते. अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या आईच्या मनात पुष्कळदा हा दुसरा प्रश्न असतो आणि सभेत तिला पहिल्याची उत्तरे मिळतात. देवाच्या अस्तित्वाचे दाखले देऊन तिचे काहीच हलके होत नाही.

अविश्वास या दोन्हींहून जड शब्द. तरी बायबलमध्ये मार्क 9:24 मधला आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच वाक्यात सांगतो, मदत मागतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो. पत्रकात हे वचन सगळ्यात वर घ्या.

रेवदंडा : मूळ ग्रीकची भर घालतो. मत्तय 14:31 मध्ये बुडणाऱ्या पेत्र या शिष्याला येशू 'संशय का धरलास?' असे विचारतो, तिथले 'दिस्ताझो' हे क्रियापद नव्या करारात दोनदाच येते. दुसरी जागा मत्तय 28:17 : पुनरुत्थानानंतर डोंगरावर शिष्य नमन करतात, पण काही जण द्विधा होतात. धातूत 'दोन' आहे, म्हणून 'द्विधा होणे' मला 'संशय धरणे'पेक्षा जवळचे वाटते. नमन आणि द्विधा मन एकाच ओळीत आले आहे, हे सभेत सावकाश वाचून दाखवावे.

थोमा या शिष्याला लावतात तो 'संशयी थोमा' हा शब्दप्रयोग मात्र टाळा. योहान 20:25 मध्ये तो येशूच्या जखमा पाहण्याची, त्यांना हात लावण्याची अट घालतो आणि अट पुरी झाल्याशिवाय विश्वास ठेवणारच नाही म्हणतो. 20:27 मध्ये त्याच्यासाठी आलेला शब्दही अविश्वासाचाच आहे. संशयी म्हणायचेच तर पेत्राला म्हणा.

मालवण : मला 'विश्वास'पुढच्या क्रियापदाची जास्त काळजी वाटते. विश्वास *बसणे* आपल्या हातात नसते. विश्वास *ठेवणे* असते. शोकात असलेल्याला 'तुमचा विश्वास बसत नाही का?' असे विचारले की न जमणाऱ्या गोष्टीचा दोष त्याच्यावर येतो. त्यापेक्षा 'भार टाकणे' घ्या. स्तोत्र 55:22 मध्ये तीच कल्पना आहे, आणि भार टाकायला मन आधी शांत असावे लागत नाही.

विश्वासासाठी जुना 'भावार्थ' हा शब्द मात्र नको. फादर स्टीफन्स यांच्या 1616 च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात 'भावार्थी' म्हणजे श्रद्धावंत, पण आजच्या मराठी वाचकाला भावार्थ म्हणजे सारांश.

वेंगुर्ला : आणि 'देव परीक्षा पाहतोय'?

रेवदंडा : फार जपून. ग्रीक 'पेइरास्मोस'मध्ये परीक्षा आणि मोह दोन्ही येतात, आणि देव कुणाला मोहात पाडत नाही असे याकोब 1:13 स्पष्ट सांगतो. दुसऱ्याच्या दुखण्याला परीक्षा हे नाव आपण देऊ नये. त्याने स्वतः दिले तर ऐकून घ्यावे.

वसई : आता गाऱ्हाणे. देशावर त्याचा अर्थ तक्रार. कोकणात ते ग्रामदेवतेपुढे सगळ्यांच्या वतीने घातले जाते आणि लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. विलापस्तोत्रात तक्रारही आहे, मागणेही आहे, म्हणून शब्द मोठा मोहाचा. तरी छापील मथळ्यात 'विलाप' ठेवा, कारण गाऱ्हाण्याला देवळाची रीत चिकटलेली आहे. तोंडी समजावताना खुशाल वापरा.

कृतीसाठी स्तोत्र 13 घ्या, सहाच वचने आहेत. 1-2 मध्ये 'किती काळ?' हा प्रश्न चारदा येतो, 3-4 मध्ये मागणे, 5-6 मध्ये भरवसा. प्रत्येकाला याच क्रमाने दोन-दोन ओळी लिहू द्या. चूक होते ती इथे : सभा चालवणारे तक्रार उरकतात आणि लगेच शेवटाकडे ओढतात. ज्याला भरवशाची ओळ सुचत नाही त्याला स्तोत्र 88 दाखवा. ते अंधारातच संपते आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

मालवण : पत्रकाच्या मागच्या पानावर एक ओळ हवीच. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन. त्या ओळीत 'विश्वास' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.