पाच सह्या झाल्या म्हणजे सप्रमाणता आली?

कडक भाकरी:
काल इथं एका एम.एड.वाल्यानं लिहिलं, "पाच तज्ज्ञांनी अपूर्णांकांची चाचणी बघून सह्या केल्या, आशय सप्रमाणता सिद्ध झाली." म्हणजे चाचणीतले प्रश्न ठरलेला घटक नीट आणि पुरता तपासतात, असा दावा. वाचून डोकंच फिरलं. सह्या कशावर घेतल्या? लॉशे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७५मध्ये दिलेलं सूत्र एकेका प्रश्नाला लावायचं असतं. तो प्रश्न 'अत्यावश्यक' म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांच्या निम्मे वजा करा, उरेल त्याला त्याच निम्म्यांनी भागा. पाच तज्ज्ञांना त्याच्या तक्त्यात ०.९९ लागतात, म्हणजे पाचही जण हो म्हणायला हवेत. एक जरी फुटला तरी ०.६ येतात आणि प्रश्न बाद होतो. तुमच्या चाळीस प्रश्नांपैकी एकही बाद नाही? त्याहून वाईट म्हणजे तज्ज्ञ समोर ठेवलेलेच प्रश्न बघतात. चाचणीत अपूर्णांकांची तुलनाच नसेल तर ते कोण सांगणार? कोणत्या उपघटकावर किती प्रश्न, हे दाखवणारा संविधान तक्ता सोबत दिला होता का?

केगाव फेरी:
तो एम.एड.वाला मीच. नव्हता दिला. पण सोलापुरात सात रस्त्यावरून केगावला विद्यापीठात तीन हेलपाटे घातले तेव्हा दोन सह्या मिळाल्या. तज्ज्ञांना वेळ नसतो, सर. सूत्रं सांगणं सोपं आहे.

पाचवी ब:
मुळात तज्ज्ञ कोण? सोलापूरच्या पूर्व भागात माझी शाळा आहे, निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू. अशाच एका तपासलेल्या चाचणीत 'पाऊण लिटर' होतं. वर्ग गप्प. मी 'मुप्पावु' म्हटलं आणि हात वर झाले. तीन पाव म्हणजे मुप्पावु, पोरांना अपूर्णांक पक्का येत होता. अडला तो शब्द.

जुनी मिल:
बाई, शाळा मराठी माध्यमाची आहे ना? मग पाऊण, सव्वा, दीड यायलाच पाहिजेत. किती लाड करायचे?

पाचवी ब:
लाड? पहाटे लूमचा खडखडाट सुरू होतो त्या घरातून ती पोरं येतात. पाऊण मी शिकवतेच. पण गुण अपूर्णांकांचे द्यायचे आणि परीक्षा शब्दाची घ्यायची, हे मला पटत नाही.

जुनी मिल:
बरं, ¾ असं आकड्यात लिहा. पण भाषेच्या पेपरात पाऊण राहूच द्या.

कडक भाकरी:
बाईंचं खरं आहे. तरी तज्ज्ञ नकोतच, असं मी म्हणणार नाही. पोरांवर चाचणी घेऊन काठिण्य कळतं, पण तो प्रश्न त्या घटकाचा आहे का, हे माणसालाच ठरवावं लागतं. केगाव फेरी, तुमच्या यादीत पाचवीला शिकवणारं किती जण होतं?

केगाव फेरी:
एकही नाही. मी दोन शिक्षकांची नावं दिली होती. पीएच.डी. नाही म्हणून मार्गदर्शकांनी ती कापली. तक्ता मात्र राहिला, ती चूक माझी. बाई, तुमचं नाव तज्ज्ञांत लागणार नाही.

पाचवी ब:
नाव राहू द्या. तक्ता आणि प्रश्न पाठवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाचते.