जेसीबी गेला, डायनासोर आला. रिमोटवाला घ्यावा का?

कोथरूडकरीण:
आमचे चिरंजीव साडेतीन वर्षांचे. मागच्या दिवाळीपर्यंत घरात फक्त जेसीबीचं राज्य. कुठे खोदकाम दिसलं (पुण्यात ते कुठे नसतं!) की स्कूटर थांबवायची आणि माती भरून 'सोंड' वर जाईपर्यंत हलायचं नाही. सासऱ्यांनी हौसेनं पिवळ्या गाड्यांचा ढीग आणला. मग एका लग्नात कुणाच्या तरी मोबाईलवर बर्फाच्या राणीचा सिनेमा बघितला आणि जेसीबी सोफ्याखाली गेले. रोज तोच सिनेमा, तोही हिंदीत. गाणं पुढे ढकललं तर भोकाड. माझी निळी ओढणी खांद्याला बांधून स्वारी आंघोळीलाही जायची. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, मी लक्ष दिलं नाही.

आता ओढणी परत मिळालीय, कारण टी-रेक्स! पोळीचा पहिला घास त्याला, मग आपल्याला. सध्या रिमोटवर डरकाळी फोडणारा डायनासोर हवाय, चांगला महाग आहे. हेही वेड जाणारच, मग घ्यावा का? आणि सोफ्याखालच्या गाड्यांचं काय करू? द्यायला काढल्या की नेमक्या तेव्हाच आठवतात.

नाशिकचा बाबा:
रिमोटवाला अजिबात नको. आमची लेक डरकाळीला इतकी घाबरली की तो माळ्यावर गेला, सेलसकट. त्यापेक्षा रबरी छोटे आणा, परातीत रव्याखाली पुरा आणि जेसीबीनं खणून काढायला सांगा. जुन्या गाड्याही कामाला लागतात. रवा घरभर होतो, ते मात्र धरून चाला.

वरोऱ्याचा:
टी-रेक्स तर अमेरिकेचा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावच्या टेकडीत सापडलेला आयसिसॉरस दाखवा ना पोराला! इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून नाव पडलंय. मान आखूड, पुढचे पाय लांब, खाणं झाडपाला. चावराच पाहिजे असेल तर नर्मदेच्या खोऱ्यातला राजासॉरस आहे, गुजरातेत सापडला, २००३ साली नाव मिळालं. डोक्यावर शिंगही आहे, पोरं खूश होतात. आणि सिरोंच्याकडे आलात तर वडधमचं जीवाश्म उद्यान बघून जा.

सुमनआजी:
अगं, माझा मुलगा आगगाडीवेडा होता. त्याच्या मुलालाही तेच, कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातून ओढून बाहेर काढावं लागतं. वस्तू बदलते त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. खेळताना तो तिच्याशी करतो काय, ते बघ. आमचा कधीच गाडी पळवायचा नाही, फक्त शिट्टी वाजवून माणसं चढवायचा-उतरवायचा. त्याला शेवटी पत्र्याच्या गाडीपेक्षा माचिसच्या काड्यांचे प्रवासी जास्त लागले. ते फुकटात झाले.

कोथरूडकरीण:
आजी, दोन दिवस लक्ष ठेवलं. आमचा सगळ्यांना भरवतो! जेसीबीला कुंडीतली माती, राणीला फ्रीजमधला बर्फ (आत्ता कळलं तो ट्रे सारखा रिकामा का असायचा), टी-रेक्सला पोळी. त्यामुळे रिमोटवाला रद्द. तो तोंड उघडतो पण घास आत जात नाही, दुकानात बघून आले. रव्याची परात काल झाली, सोफ्याखालचे तिन्ही मोठे जेसीबी बाहेर आले. वरोऱ्याच्या दादा, तुमचा आयसिसॉरस झाडपाला खातो म्हटल्यावर मी कागदावर काढून दिला. आता त्याच्या तोंडाला पालकाची भाजी फासणं चालू आहे. स्वतः मात्र एक पान खात नाही.