साथीच्या काळात वृद्धाश्रमात माणसे टिकवायची कशी आणि निर्णय कोणी घ्यायचे?

गोदाकाठ
नमस्कार. नाशिक जिल्ह्यातील एका लहान वृद्धाश्रमाची मी विश्वस्त आहे. आमच्याकडे ३८ ज्येष्ठ राहतात आणि त्यांपैकी ११ जण अंथरुणाला खिळलेले आहेत. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या नऊ सेवक-सेविकांपैकी पाच जण एकाच आठवड्यात आजारी पडले. रात्रपाळीच्या दोन मावशी, आमच्या पगारात भागत नाही म्हणून, दिवसा नर्सिंग ब्यूरोमार्फत दुसऱ्यांच्या घरी रुग्ण सांभाळत होत्या, हे आम्हाला तेव्हा समजले. व्यवस्थापक विलगीकरणात होते आणि फोनवरून सूचना देत होते. त्या आठवड्यात एका आजींची कूस रात्रभर कोणी बदलली नाही. माकडहाडापाशी पडलेली जखम भरून यायला तीन महिने लागले. पुन्हा असे होऊ नये म्हणून आम्ही आता आराखडा लिहीत आहोत. ‘एकाच ठिकाणी काम करा’ अशी अट घालणे न्याय्य ठरेल का? आणि प्रमुखच आजारी पडला, तर अधिकार कोणाकडे असावा?

दूरदेशी
मी कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात केअर एड, म्हणजे वृद्धाश्रमातील सेविका, म्हणून काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहिते. कॅनडातील कोविडचा पहिला मृत्यू ८ मार्च २०२० रोजी झाला, तो उत्तर व्हँकूवरमधील लिन व्हॅली केअर सेंटर या अशाच एका निवासात. इथेही अर्धवेळ नोकरी आणि कमी पगार यांमुळे एकच बाई दोन-तीन ठिकाणी पाळ्या करीत असे आणि तिच्याबरोबर संसर्गही इमारतीमागून इमारत फिरे. मार्चअखेरीस प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांनी प्रत्येकीने एकाच ठिकाणी काम करावे असा आदेश काढला. पण माझ्या मते तो निभावला तो सरकारने पैसे घालून सगळीकडचे वेतन संघटित कामगारांच्या दरापर्यंत वर आणले म्हणून. कोण कुठे किती तास काम करते याची आधी माहिती गोळा केली गेली आणि मग माणसांची वाटणी झाली. कॅनडाच्याच ओंटारिओ प्रांताने असाच आदेश २२ एप्रिलपासून लागू केला, मात्र एजन्सीकडून येणाऱ्या तात्पुरत्या माणसांना त्यातून वगळले, म्हणजे सर्वांत जास्त फिरणारी माणसेच मोकळी राहिली. तुम्ही अट जरूर घाला, पण मावशींची बाहेरची कमाई भरून देणार असाल तरच. आणि ब्यूरोकडून बदली बाई घेतलीत, तर तिलाही तीच अट आणि तेच पैसे द्या.

निवृत्त अधीक्षक, पुणे
पैशांबद्दल वर लिहिले आहे ते अगदी खरे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही निम्मे कर्मचारी पंधरा दिवस आश्रमातच राहतील आणि मग दुसरी तुकडी येईल, अशी व्यवस्था केली आणि ती चांगली चाललीही. परंतु आजारपणाचे दिवस मी नेहमीप्रमाणे खाडे धरले. परिणामी एक मावशी तापाची गोळी घेऊन, तोंडावर पदर घट्ट ओढून, तीन दिवस कामावर येत राहिल्या. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, खाडा पडला तर भाडं कुठून देऊ?” दोष त्यांचा नव्हता, माझ्या हजेरीपटाचा होता. ताप म्हणजे खाडा नाही, हे आराखड्यात पहिल्या ओळीत लिहा आणि सगळ्यांना वाचून दाखवा.

आता प्रमुखाविषयी. ओंटारिओतील पाच निवासांत लष्कराला मदतीस पाठवावे लागले होते आणि त्या जवानांचा अहवाल मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे अपुरी होती, हे त्यात आहेच. पण मला अधिक खुपले ते हे, की आवश्यक साहित्य कुलपात होते आणि पैसे खर्च होतील या भीतीने ते वापरायला कर्मचारी कचरत होते. जवळ किल्ली नसलेला माणूस रात्री दोन वाजता प्रमुख होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक पाळीला हजर असलेल्यांपैकी एकाचे नाव फळ्यावर लिहा. कपाटाची किल्ली, रुग्णवाहिका बोलावण्याचा, नातेवाइकांना कळवण्याचा आणि ठरावीक रक्कम खर्च करण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे असावा आणि नंतर तिला कोणीही जाब विचारताना ‘विचारलं का नाही’ असे म्हणू नये. व्यवस्थापक आजारी पडले, तर विश्वस्तांपैकी एकाने प्रत्यक्ष इमारतीत येऊन बसावे. फोनवरून घास गिळायला लागणारा वेळही दिसत नाही आणि ओले अंथरूणही कळत नाही.

दूरदेशी
एक भर घालते. नवीन माणूस पहिल्या रात्री गोंधळतो, कारण आजोबांना ठसका लागू नये म्हणून पाणी घट्ट करून द्यावे लागते की साधे चालते, कोणत्या कुशीवर त्यांना दुखते, हे फक्त जुन्या मावशीला ठाऊक असते. प्रत्येक खाटेपाशी मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद लावा आणि तो जुन्या मावशींच्या तोंडून ऐकूनच लिहा.

गोदाकाठ
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. काल दोन्ही मावशींशी बोलले. बाहेरच्या कामाचे त्यांना महिन्याला प्रत्येकी सहा हजार मिळतात. म्हणजे साथीच्या काळात दरमहा बारा हजार बाजूला काढावे लागतील आणि ही रक्कम देणग्यांतून स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. कपाटाच्या किल्लीची दुसरी प्रत आजच करून घेतली. खाटेपाशी लावायच्या कागदांची सुरुवात त्या जखम झालेल्या आजींपासून करीत आहे. त्यांना डाव्या कुशीवर झोप लागत नाही, हे मला काल पहिल्यांदा कळले.