अनुभव धागा: ॲडमिरल आवटी आणि आपल्या सोलापुरी घरांतलं नौदल

4 डिसेंबर, नौदल दिन आला की कराचीवर डागलेल्या क्षेपणास्त्रांच्या गोष्टी निघतात. निघायलाच हव्यात. पण यंदा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींपासून सुरुवात करू या. 1971 च्या भारत-पाक युद्धात ते पूर्वेच्या आघाडीवर आयएनएस कामोर्ताचे कॅप्टन होते. पाणसुरुंग आणि पाणबुडीचं भय असलेल्या पाण्यात त्यांनी जहाजं नेली, वीरचक्र मिळवलं. पुढे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले, मग पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि 1983 ला निवृत्त झाले. लढाई तेरा दिवसांची, बाकी सगळी नोकरी शांततेतली. बदल्या, प्रशिक्षण, रजा, रेशन, माणसं सांभाळणं. मला हा भाग तितकाच मोलाचा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ज्यांनी नौदलात नोकरी केली किंवा ज्यांच्या घरातलं कुणी होतं, त्यांनी लिहा. मोठ्या साहेबांचीच आठवण हवी असं नाही.

दत्त चौक, निवृत्त सिग्नलमन

नात टाइप करतेय, मी सांगतोय. तेव्हा मी विक्रांत या विमानवाहू जहाजावर होतो. युद्धाआधी आम्हाला अंदमानात नेऊन ठेवलं होतं. मुक्कामाचं सांकेतिक नाव 'पोर्ट एक्स-रे'. घरच्या पत्रात ठावठिकाणा लिहायचा नाही. आई इकडे सिद्धरामेश्वराला नवस बोलून बसलेली.

विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता. त्यामुळे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे डेकवर समोरून येणारा वाराही कमी. अलिझे विमानाला उडायला तोच वारा लागतो, आणि बंगालच्या उपसागरात नेमका वारा पडलेला. तरी 4 डिसेंबरला सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली. बरोबर ब्रह्मपुत्रा, ब्यास, कामोर्ता, कवरत्ती ही जहाजं. रेडिओ शक्यतो बंद ठेवायचा, म्हणून जहाजाजहाजांतलं बोलणं दिव्याच्या उघडझापीनं. दिव्याची झडप उघड, मीट, उघड, मीट. तासभर झाला की मनगट भरून यायचं. कामोर्ताचे कॅप्टन मूळचे सिग्नल शाखेतले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या जहाजाकडे दिवा मारताना हात आपोआप नेटका चालायचा. चूक झाली तर तिकडे ओळखणारा माणूस उभा आहे, याचं दडपण होतं आणि अभिमानही होता.

जुळे सोलापूर

कामोर्ता, कवरत्ती सोव्हिएत बनावटीच्या, थंड समुद्रांसाठी बांधलेल्या. त्यांवर नोकरी केलेले आमचे सीनियर सांगायचे की आत भट्टी असायची आणि गोडं पाणी मोजून मिळायचं. आपल्या मे महिन्यात वाढलेल्या पोरांनाही ते नको व्हायचं.

विजापूर रोड

माझे वडील 1982 ला मुंबईत होते, स्टोअर्सला. कमांडचे प्रमुख आवटीसाहेब. वडिलांनी त्यांना परेडला लांबून पाहिलं, दाढी तेवढी लक्षात राहिली. पण धाग्यात शांततेतल्या कामाबद्दल विचारलंय, म्हणून लिहिते.

नौदलात प्रत्येक खलाशाची जबाबदारी एका डिव्हिजनल ऑफिसरवर असते. रजा, बढती, घरची अडचण, सगळं आधी त्याच्याकडे. आजी न्हाणीत पडली आणि मांडीचं हाड मोडलं, तेव्हा आईनं तार केली. त्या तरुण अधिकाऱ्यानं वडिलांच्या जागी दुसरा माणूस लावला, रेल्वे वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासपत्रावर, सही केली आणि विचारलं, "हातात पैसे आहेत का?" रात्रीच्या गाडीनं वडील सोलापुरात. आजी पुढे बरीच वर्षं जगली.

वडील गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या वेळी आईचं माहेरचं आणि सासरचं नाव जुळेना. एका कचेरीत आम्हाला हेलपाटे घालायला लावले. शेवटी वडिलांच्या ट्रंकेत कुटुंबाच्या नोंदीची जुनी प्रत सापडली. दोन्ही नावं निळ्या शाईत, खाली त्याच अधिकाऱ्याची सही. काम झालं. हा माणूस कुठल्या लढाईत होता का, ठाऊक नाही. आमच्या घराला तो देवासारखा.

होटगी रोड, शिक्षिका

आवटीसाहेबांची निवृत्तीनंतरची कामगिरी राहू नये. भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. गोव्यात 'म्हादेई' बांधली गेली आणि 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे प्रदक्षिणा करून आले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. 2017-18 मध्ये 'तारिणी'वरून सहा महिला अधिकारी. पहिली मोहीम निघाली तेव्हा साहेब 81 वर्षांचे होते, राहायला फलटणजवळ विंचुर्णीत. समुद्रापासून आपल्यासारखेच लांब! नोव्हेंबर 2018 मध्ये ते गेले, पण तिन्ही मोहिमा डोळ्यांनी पाहून. तारिणीचा मार्ग आम्ही वर्गातल्या पृथ्वीगोलावर लाल दोऱ्यानं लावत होतो. सातवीतल्या मुलींना दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक, केप हॉर्न, तोंडपाठ होतं.

अक्कलकोट रोड

मी यंत्रमागावर आहे. मुलगा ओडिशात चिल्काला नौदलाच्या ट्रेनिंगला गेलाय. फोनवर डिव्हिजनल ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर म्हणत असतो. म्हणजे कोण, ते आत्ता वाचून कळलं. विजापूर रोडच्या ताई, त्या नोंदीत आईवडिलांची नावं आधारप्रमाणेच लिहायची ना? आमच्या घरात आडनाव दोन तऱ्हेनं लिहितात. रविवारी फोन आला की त्याला सांगतो, एक प्रत घरी पाठव म्हणून.