मदत हवी आहे : माडग्याळ मेंढ्यांच्या कळपात नवा मेंढा कुठून आणू?

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातला. घरी ४० माडग्याळ मेंढ्या आहेत. गेली सहा वर्षं पैदाशीला एकच मेंढा, आणि त्याच्याच लेकी त्याच्याखाली आल्या. मेंढा देखणा, पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर तांबडे ठिपके, म्हणून आबांना तो बदलायचा नाही.

पण यंदा कोकरं बारकी निघाली. एकाचा खालचा जबडा आखूड, सड तोंडात धरता येईना. तीन दिवस बाटलीनं दूध पाजलं, तरी गेलं. फार जीव लागला होता त्याच्यावर.

वाचलं तेव्हा कळलं, बाप-लेकीच्या संकरातल्या पिल्लात अंतःप्रजननाचं (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं) प्रमाण, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, २५ टक्के येतं. शिवाय एक नर आणि ४० माद्या असल्या, तरी सगळ्या कोकरांचा बाप एकच, म्हणून आनुवंशिक हिशोबानं कळप जेमतेम ४ जनावरांएवढाच! अशा लहान कळपात काही जनुकं निव्वळ योगायोगानं कायमची गळून पडतात, चांगलीसुद्धा.

आता विचारायचंय ते असं : जत-आटपाडी-कवठेमहांकाळ भागात नात्याबाहेरचा खात्रीचा मेंढा कुणाकडे मिळेल? अदलाबदल चालेल. एक आणू की दोन? आणि किती वर्षांनी बदलायचा? दख्खनी मेंढा घालायचा नाही, जात शुद्धच ठेवायची आहे. जाणकारांनी, विशेषतः पशुवैद्यकांनी, जरूर सांगावं.