बाबा म्हणतात परत व्हेंटिलेटर नको. लिव्हिंग विल, म्हणजे पुढे शुद्ध नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, केलं तर चर्चच्या दृष्टीने पाप आहे का?

गिरीजची लेक:
आम्ही वसईचे कॅथलिक. बाबा ७९ वर्षांचे, सीओपीडी म्हणजे फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू. गेल्या पावसाळ्यात दोनदा आयसीयूत होते, दुसऱ्या वेळी अकरा दिवस व्हेंटिलेटरवर. नळी ओढू नये म्हणून हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले, बोलता येईना तर माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी गिरवायचे, मला दोन दिवस कळलंच नाही, मग कळलं ते 'घर' लिहितायत. आता घरी आहेत, डोकं एकदम शाबूत, वाडीचा हिशेब अजून स्वतः बघतात, आणि रोज एकच, पुन्हा नळी घालायची नाही, लिहून घे. भाऊ कुवेतला, तो फोनवर रडतो नि म्हणतो ही आत्महत्याच झाली, जीव देवाने दिला, तो थांबवणारे आपण कोण. आईला दोघांचंही पटतं. मला कोणाला दुखवायचं नाहीये पण बाबांना परत तसं बांधलेलं बघवणार नाही. चर्च नक्की काय म्हणतं?

जुना धर्मशिक्षक:
ताई, भावाची भीती खरी आहे पण ही आत्महत्या नाही. नेमका हाच प्रश्न १९५७ साली भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला होता, श्वासाचं यंत्र लावणं बंधनकारक आहे का म्हणून. पोपमहोदय म्हणाले की जीव राखायला साधारण उपाय करणं कर्तव्य आहे, पण स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठं ओझं टाकणारे असाधारण उपाय करायलाच हवेत असं नाही. आणि साधारण काय, असाधारण काय हे माणूस, जागा, काळ बघून ठरतं, म्हणजे तिशीतल्या अपघाताच्या पेशंटला व्हेंटिलेटर साधारण असेल पण तुमच्या बाबांच्या फुप्फुसाला तोच असाधारण होऊ शकतो. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत धर्मशिकवणीच्या ग्रंथाचा, २२७८ वा परिच्छेद भावाला वाचून दाखवा. उपचार जड, धोक्याचे किंवा मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने अवाजवी असतील तर थांबवता येतात, त्यात मरण घडवून आणायचा हेतू नसतो, ते आता अडवता येत नाही एवढं स्वीकारलेलं असतं. निर्णयही आधी पेशंटचा, तो शुद्धीत असेल तर. मुद्दाम जीव घेणारं इंजेक्शन मात्र कधीच नाही, त्यात सूट नाही. दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या परिपत्रकात इच्छामरणाचा अगदी कडक निषेध केला, आणि तेच २००५ मध्ये शेवटच्या दिवसांत परत हॉस्पिटलला न जाता व्हॅटिकनमध्ये आपल्याच खोलीत राहिले. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मला कधीच वाटलं नाही.

आयसीयूतली नर्स:
मी पण आपल्यातलीच, बावीस वर्षं हेच काम. कायद्याचं सांगते. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही वगैरे इतकं होतं की कोणी करेचना, जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर. बाबांच्या वतीने कोण बोलणार त्यांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त चालतात, तर भावाचंही घाला, खरंच घाला, कारण आयसीयूच्या दारात ऐन वेळी आलेला मुलगा 'सगळं करा' म्हणतो आणि मग डॉक्टर कागद बाजूला ठेवतात, मी कितीदा बघितलंय. नुसत्या कागदावर लगेच काही बंद होत नाही, डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात. आणि नळी नको म्हणजे उपचार नको असं नव्हे. दम लागतो तेव्हा थोडं मॉर्फीन फार आराम देतं, चर्चला ते चालतं, त्याने आयुष्य थोडं कमी व्हायची शक्यता असली तरी, हेतू त्रास कमी करायचा हवा. पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टरांना आत्ताच भेटा, शेवटच्या आठवड्यात नको.

पाचूबंदर:
मला थोडं वेगळं सांगायचंय. माझ्या आईने 'काहीही करू नका' असं सरसकट लिहून ठेवलं होतं, मग साधा न्यूमोनिया झाला, चार दिवस मास्कच्या मशीनवर ठेवलं असतं तर बहुतेक निघाला असता, आणि आम्ही त्या एका ओळीवर भांडत बसलो. म्हणून सरसकट लिहू नका. मास्कचं बायपॅप चालेल का, थोडे दिवस लावून बघायचं का, हे छातीच्या डॉक्टरांसमोर बाबांनाच विचारा. दुसरं अन्नपाण्याचं. २००४ मध्ये पोपमहोदयांनी आणि २००७ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलंय की नळीने दिलेलं अन्नपाणीसुद्धा मुळात साधारण काळजीतच येतं, शरीर ते घेतंय तोवर द्यायचं, पचेनासं झालं किंवा त्याचाच त्रास व्हायला लागला तर गोष्ट वेगळी. कायदा इथे जास्त मोकळीक देतो, त्यामुळे वकिलाचा तयार नमुना तसाच सही करू नका, ती ओळ नीट वाचा.

गिरीजची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला व्हिडिओ कॉल लावून हे सगळं वाचून दाखवलं, बाबा शेजारी बसलेले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग बाबांनाच विचारलं, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते. बाबा म्हणाले मरायची नाही, हात बांधायची. त्यावर तो म्हणाला माझं नाव घाला. मास्क चालेल म्हणाले बाबा, नळी नाही, पाणी शेवटपर्यंत द्या. आणि एक ओळ त्यांनी स्वतः घालायला लावली, तैलाभ्यंगाला, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्काराला, फादरना मी शुद्धीत असताना बोलवा, मला प्रार्थनेची उत्तरं द्यायची आहेत. आता नोटरी घरी येतो का ते बघायचंय, बाबांना जिना उतरवत नाही. वसईत कोणी घरी येणारा माहीत असेल तर मेसेज करा.