घातांक बिंदूगणिक बदलत असेल, तर मॅक्झिमल फलन संकलनीय राहते का?

प्रश्न (खानापूर)
नमस्कार. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घातांक स्थिर आणि १ पेक्षा मोठा असेल, तर फलन ज्या लेबेग अवकाशात असते (म्हणजे त्याच्या केवल मूल्याचा त्या घातांकाइतका घात संकलनीय, म्हणजे सांत संकलन असलेला, असतो), त्यातच त्याचे हार्डी-लिटलवूड मॅक्झिमल फलनही राहते, एवढे समजले. मात्र घातांक बदलता असेल, तर तो २ आणि ४ यांच्या दरम्यान राहूनही हे विधान खोटे ठरू शकते, असे वाचले. त्याचे कारण काही केल्या ध्यानात येत नाही.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
तुमच्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. कणकुंबीला मुसळधार पाऊस आणि पूर्वेकडे ऊन असले, तरी पूर्वेच्या गावाभोवती कणकुंबीपर्यंत पोचणारे वर्तुळ काढून सरासरी घेतली, की तो पाऊस तीत येतोच. मॅक्झिमल फलन म्हणजे अशा सर्व सरासऱ्यांचा सुप्रीमम (लघुतम वरची मर्यादा), म्हणून एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला जातो.

आता उणे १ ते ० मध्ये घातांक २ आणि ० ते १ मध्ये ४ माना. डावीकडे फलन म्हणजे क्ष च्या केवल मूल्याचा उणे १/३ घात, उजवीकडे शून्य. वर्ग केल्यावर घात उणे २/३ होतो, तो उणे १ पेक्षा मोठा असल्याने संकलन सांत राहते, म्हणून फलन अवकाशात आहे. उजवीकडच्या क्ष साठी उणे क्ष ते क्ष यांवरची सरासरी काढली, तर ती क्ष च्या उणे १/३ घाताच्या ३/४ पट येते. तिचा चौथा घात घेताच उणे ४/३ येतो आणि शून्यापाशी संकलन अनंत होते. कागदावर एकदा करून पाहाच.

उत्तर (निपाणी)
येथे दोष घातांकाच्या उडीचा आहे. गणिती डीनिंग यांच्या २००४ च्या निबंधानुसार, मर्यादित क्षेत्रावर घातांकाची किमान किंमत १ पेक्षा मोठी असेल आणि जवळच्या दोन बिंदूंवरील घातांकांतला फरक 'स्थिरांक भागिले अंतराच्या व्यस्ताचा लॉगरिदम' याहून अधिक नसेल, तर विधान खरे ठरते. अंतराच्या व्यस्ताला या फरकाचा घात दिला, की लॉगरिदम लॉगरिदमला छेदतो आणि अंतर कितीही लहान केले तरी उत्तर एका स्थिरांकाच्या आतच राहते. मला तरी साऱ्या सिद्धतेचा प्राण याच ओळीत दिसतो. अट पुरेशी आहे, आवश्यक मात्र नाही.

प्रश्नकर्ता
सर, ३/४ बरोबर आला. घातांक १ ला टेकला तर?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
मग स्थिर घातांकालाही विधान टिकत नाही. ० ते १/२ मध्ये 'एक भागिले, क्ष गुणिले १/क्ष च्या लॉगरिदमचा वर्ग' हे फलन संकलनीय आहे. पण ० ते क्ष यांवरच्या सरासरीत लॉगरिदमचा वर्ग जाऊन पहिलाच घात उरतो, आणि ते संकलन अनंत होते. गणिती स्टाइन यांनी १९६९ मध्ये दाखवले, की गोलात सामावलेल्या फलनाचे मॅक्झिमल फलन त्या गोलावर संकलनीय असण्यासाठी फलन गुणिले त्याचा लॉगरिदम संकलनीय असणे आवश्यक आणि पुरेसे आहे. म्हणून बदलता घातांक १ कडे किती वेगाने उतरतो, हे तपासावे लागते.